मस्तकावरील आघात आणि हृदयाचा कारभार

डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसाचे मनगट हाती घेतल्यावर, अपेक्षेप्रमाणे क्षीण आणि धावती नाडी न लागता ती संथ व भरदार लागली, आणि रक्तदाब पाहता तोही चांगला चढा निघाला, म्हणजे भोवती जमलेल्या आप्तेष्टांचा जीव भांड्यात पडतो. हृदय भक्कम आहे, तेव्हा माणूस यातून निभावणार, असा दिलासा ते एकमेकांस देऊ लागतात. नेमक्या याच दोन चिन्हांनी जाणत्या शल्यविशारदाची पावले मात्र शस्त्रक्रियागृहाकडे घाईने वळतात. मंदावलेली नाडी आणि चढलेला रक्तदाब यांची ही जोडी, तिच्याबरोबर श्वासाची लयही बिघडलेली असली तर विशेषच, कवटीच्या आत काय चालले आहे याची खबर देणारी असते, आणि ती खबर बहुधा अखेरच्या घटकेला बाहेर पोहोचलेली असते. मस्तकाच्या दुखापतीचा विचार आपण हाड, मेंदू आणि शुद्ध-बेशुद्ध एवढ्यापुरता करतो. परंतु अशा रोग्याचे प्राण वाचतात किंवा जातात ते पुष्कळदा रक्ताभिसरणाच्या प्रांतात, आणि म्हणून त्या प्रांताची ओळख डॉक्टरांइतकीच सामान्य वाचकालाही असणे मला अगत्याचे वाटते.

मेंदूचे वजन सरासरीने १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. तथापि हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी पाऊण लिटर या एकट्या अवयवाच्या वाट्याला जाते, आणि विसावलेल्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खर्ची घालतो. एवढा खर्चिक असूनही संचय म्हणून त्याच्यापाशी जवळजवळ काही नसते. त्याची रसद आठ-दहा सेकंद तुटली की शुद्ध हरपते आणि काही मिनिटे तुटून राहिली की पेशी मरू लागतात. ही निकड ओळखूनच जणू निसर्गाने मेंदूतील रोहिण्यांना एक स्वतंत्र मुखत्यारी बहाल केलेली आहे: रक्तदाब उतरला की त्या रुंदावतात, चढला की आकसतात, आणि सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ६० ते १५० मिलिमीटरांच्या दरम्यान कोठेही असला तरी मेंदूला मिळणारे रक्त जवळपास कायम राहते. जोराचा आघात झाला म्हणजे ही मुखत्यारी कोठे अंशतः, कोठे पूर्णपणे संपुष्टात येते. ज्या मेंदूला हृदयाच्या चढउतारांची दखल घ्यावी लागत नव्हती तो एकाएकी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यावर विसंबून राहतो.

त्यातच जागेची अडचण असते. एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ, दुसरे अलेक्झांडर मन्रो, यांनी १७८३ साली, आणि जवळच्याच लीथ बंदरातील शल्यचिकित्सक जॉर्ज केली यांनी १८२४ साली जे मत मांडले ते आज दोघांच्या जोडनावाने ओळखले जाते. प्रौढ माणसाची कवटी ही ताठ भिंतींची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव (या द्रवाची गणना त्या मतात पुढच्या पिढीने केली) एवढेच रहिवासी. आणि यांपैकी एकाने जागा अधिक व्यापली, किंवा रक्ताच्या गाठीसारखा एखादा चौथा आगंतुक आत शिरला, तर उरलेल्यांना तितकीच जागा सोडावी लागते. प्रथम मेरुद्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, मग नीलांमधले रक्त पिळून बाहेर पडते, आणि तेवढ्यापुरता आतला दाब फारसा वाढत नाही. म्हणूनच कानशिलाच्या हाडाखालची रोहिणी फाटून कवटीत गाठ साचू लागलेला माणूस अपघातानंतर उठून बसतो, बोलतो, क्वचित घरीही चालत जातो. परंतु ही सवलत थोडक्या जागेची असते. ती संपल्यावर चमचाभर रक्ताची भरसुद्धा दाबाला झपाट्याने वर नेते; निरोगी प्रौढात पडल्या अवस्थेत ७ ते १५ मिलिमीटर असणारा हा दाब २०-२२ च्या पलीकडे गेला की वैद्यकाला हस्तक्षेप करावा लागतो, आणि ४० किंवा ५० ही तर मोठ्या आपत्तीची पातळी होय.

पाटातल्या पाण्याची पातळी वाफ्याच्या जमिनीहून जितकी उंच, तितक्याच जोराने पाणी वाफ्यात शिरते; जमीनच वर उचलली गेली तर पाट भरून वाहत असताही वाफा कोरडा राहतो. मेंदूच्या पुरवठ्याचा हिशेब याच जातीचा आहे: सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा जाता जे उरते, तेवढेच बळ रक्ताला मेंदूत ढकलण्यास उपलब्ध असते. निरोगी माणसाचा रक्तदाब १२० आणि ८० असेल तर त्याची सरासरी सुमारे ९३ येते (खालच्या आकड्यात दोहोंमधील अंतराचा तिसरा हिस्सा मिळवून ही सरासरी काढतात), आणि कवटीतील दाब १० धरला तर ८३ उरतात, म्हणजे पुरवठा मुबलक होतो. आता असा जखमी कल्पावा की ज्याच्या मेंदूला सूज येऊन कवटीतील दाब ४० वर गेला आहे, आणि मांडीचे हाड मोडून झालेल्या रक्तस्रावाने ज्याचा रक्तदाब ९० व ६० वर उतरला आहे. त्याची सरासरी ७०, वजाबाकीनंतर शिल्लक ३०. अशा रोग्याच्या बाबतीत ही शिल्लक ६० ते ७० च्या दरम्यान राखावी असा आजच्या अतिदक्षता विभागांचा दंडक आहे. येथे मेंदूवर नवा घाव कोणी घातलेला नसतो. पहिल्या घावातून वाचलेला मेंदूच उपाशी मरत असतो.

हा हिशेब शरीर स्वतः मांडते, आणि तूट भरून काढण्याची तजवीजही स्वतःच करते, ही गोष्ट प्रयोगाने पक्की करण्याचे श्रेय हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाकडे जाते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तयार झालेला हा तरुण १९०० साली युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर निघाला आणि त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्याकडे दाखल झाला. हे कोखर म्हणजे पुढे १९०९ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले थोर शल्यविशारद. कवटीतील दाब वाढत गेला असता मेंदूतील रक्ताभिसरणाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी कुशिंगला नेमून दिला, आणि प्रयोगांसाठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांची प्रयोगशाळा त्याला मोकळी झाली.

कुशिंगने योजिलेली रचना विलक्षण बोलकी होती. गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या कवटीला छिद्र पाडून त्यात त्याने काचेची खिडकी घट्ट बसविली, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील रक्तवाहिन्या डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहता येतील. दुसऱ्या मार्गाने लवणजल आत सोडून कवटीतील दाब हवा तसा चढविण्याची सोय केली. आणि त्याच वेळी प्राण्याचा रक्तदाब, नाडी व श्वास यांच्या रेषा फिरत्या कागदावर उमटत ठेवल्या. आतला दाब वाढवीत नेऊन तो रक्तदाबाच्या बरोबरीला आणला, तेव्हा खिडकीमागचा मेंदू पांढराफटक पडला, कारण रक्ताला आत शिरण्यास वावच उरला नाही. मग काही क्षणांतच कागदावरची रक्तदाबाची रेषा आपोआप वर चढली, कवटीतील दाबाला ओलांडून गेली, आणि फिकट पडलेल्या वाहिन्या पुन्हा लाल झाल्या. कुशिंगने लवणजलाचा दाब आणखी वाढविला; मेंदू पुन्हा पांढरा झाला; रक्तदाब पुन्हा त्याच्यावर चढला. असे करीत करीत तो सामान्य पातळीच्या कितीतरी वर जाऊन पोहोचला, आणि शेवटी, जेथे शरीराची शर्थ संपली तेथे, एकाएकी कोसळला. या शोधाची किंमत ज्या मुक्या जनावरांनी चुकती केली त्यांचे ऋण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते; ते येथे नोंदणे मला उचित वाटते.

हा हुकूम सुटतो कोठून, हेही कुशिंगने तपासले. मेंदूचा देठ जेथे मेरुरज्जूला मिळतो तेथील लंबमज्जेत रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणारे केंद्र आहे, हे त्या काळी ठाऊक झालेले होते. आणि गळ्यातून हृदयाकडे उतरणारा 'व्हेगस' हा मज्जातंतू उत्तेजित केला असता हृदय मंदावते, हे एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या बंधूंनी १८४५ मध्येच दाखविले होते. कुशिंगने व्हेगस तोडला, तेव्हा नाडीचे मंदावणे थांबले परंतु रक्तदाब चढतच राहिला. मेरुरज्जूचा मार्ग खंडित केला, तेव्हा रक्तदाबाचे चढणेच बंद झाले. याचा अर्थ असा की, रक्ताच्या दुर्भिक्षाने कासावीस झालेली लंबमज्जा मेरुरज्जूमार्गे साऱ्या शरीरातील लहान रोहिण्यांना आकसण्याचे फर्मान काढते. आतडी, त्वचा, स्नायू यांच्या वाट्याचे रक्त रोखून ते मस्तकाकडे वळविण्याचा हा खटाटोप असतो. चढलेल्या दाबाची वर्दी मग मानेतील रोहिणीच्या भिंतीत बसविलेल्या दाबग्राहकांना लागते, आणि ते व्हेगसच्या द्वारे हृदयाला सबुरीने घ्यावयास सांगतात. या ग्राहकांच्या कार्याचा उलगडा पुढे १९२० नंतरच्या दशकात हाइनरिख हेरिंग आणि कॉर्नेल हेमन्स यांच्या संशोधनाने झाला. लंबमज्जेवरच दाब पडून श्वासाचे केंद्र डळमळू लागले की तिसरे चिन्ह, अनियमित श्वास, प्रकट होते. हे त्रिकूट 'कुशिंगचे त्रिकूट' म्हणून वैद्यकीय विद्यार्थी आज पाठ करतात. कवटीतील दाबाने नाडी व रक्तदाब बदलतात हे जर्मनीत एर्न्स्ट फॉन लायडेन यांनी १८६६ मध्ये, आणि नाउनिन व श्रायबर यांनी १८८१ मध्ये आधीच नोंदले होते, आणि अग्रमानाबद्दल तक्रारही झाली. परंतु या बदलामागे मेंदूला जगविण्याचा हेतू आहे, हे सूत्र कुशिंगने जितके स्वच्छ मांडले तितके पूर्वी कोणी मांडले नव्हते.

त्याच दौऱ्यात, १९०१ च्या मे महिन्यात, इटलीतील पाव्हिया येथील रुग्णालयात कुशिंगला शिपिओने रिव्हा-रोच्ची यांचे १८९६ साली तयार झालेले रक्तदाबमापक पाहावयास मिळाले. दंडाभोवती रबरी पट्टा आवळून पाऱ्याच्या नळीत दाब मोजण्याचे ते साधन त्याने बाल्टिमोरला आणले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब नोंदविण्याचा आग्रह धरला. ज्याने कवटी आणि रक्तदाब यांचे नाते उकलले त्यानेच ते नाते रोग्याच्या उशाशी मोजण्याची व्यवस्थाही लावून दिली, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

कुशिंगपूर्व काळातील उपचारांकडे पाहिले म्हणजे या ज्ञानाचे मोल कळते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातले नामांकित शल्यचिकित्सक डोक्याच्या दुखापतीवर शीर तोडून रक्त काढीत असत. भरदार नाडी म्हणजे रक्ताचा अतिरेक, तो उतरविला की मेंदूवरचा भार हलका होईल, असा त्यांचा तर्क; आणि मेंदूला जगविण्यासाठी शरीराने जिवाच्या आकांताने उभारलेला दाब ते आपल्या हातांनी उतरवून टाकीत. आजचा वैद्य हेच जाणतो की अशा रोग्याचा चढलेला रक्तदाब हा शत्रू नव्हे, आणि तो घाईने उतरविणारे औषध देणे म्हणजे त्याच जुन्या चुकीची पुनरावृत्ती होय. उपाय करावयाचा तो कवटीतील दाबावर: उशाकडील बाजू सुमारे ३० अंशांनी उचलणे, मान सरळ ठेवणे म्हणजे नीलांतून रक्त उतरून जाईल, मॅनिटॉल किंवा तीव्र लवणजल शिरेतून देऊन मेंदूतले पाणी ओढून घेणे, आणि गाठ असल्यास कवटी उघडून ती काढणे.

रक्तदाब चढण्याहूनही भय त्याच्या उतरण्याचे आहे. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तीव्र मस्तकाघात झालेल्या ७१७ रोग्यांच्या नोंदी तपासून रँडल चेस्नट आणि त्यांचे सहकारी या निष्कर्षास आले की, रुग्णालयात पोहोचेपर्यंत ज्यांचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. एकदा जरी! येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रौढाच्या कवटीत एवढी जागाच नसते की तेथील रक्तस्रावाने माणसाचा रक्तदाब कोसळावा. म्हणून डोके फुटलेल्या जखमीचा दाब उतरलेला दिसला की दोष डोक्याच्या माथी न मारता छाती, पोट, कटिप्रदेश आणि मांडीची हाडे यांत दडलेला रक्तस्राव हुडकावा, असा शल्यशास्त्राचा नियम आहे. याला अपवाद दोन: तान्ही मुले, ज्यांच्या कवटीच्या फटी अद्याप सांधलेल्या नसतात आणि अंगात रक्तच थोडे असते, आणि टाळूची मोठी जखम, जी दिसावयास वरवरची असूनही भळभळा वाहत राहून धडधाकट माणसालाही निःसत्त्व करू शकते. टाळूच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरणे हे कृत्य क्षुल्लक वाटते, पण ते मेंदूच्या पुरवठ्याचेच रक्षण असते.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात या ज्ञानाचा उपयोग रस्त्यावर करून पाहण्यात आला. रुग्णवाहिकेतील सेवकांना तीनच गोष्टींची तालीम देण्यात आली: प्राणवायू कमी पडू द्यावयाचा नाही, रक्तदाब उतरू द्यावयाचा नाही, आणि कृत्रिम श्वास गरजेहून जलद द्यावयाचा नाही. (जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रोहिण्या आकसतात, म्हणजे आधीच उपाशी असलेल्या मेंदूच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होते.) २०१९ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले, त्यात तीव्र दुखापतीच्या रोग्यांची जगण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढल्याचे आढळले. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या बाबतीत तिच्यातील पहिल्या अर्ध्या तासाची योग्यता मोठ्या शहरातील शस्त्रक्रियागृहाहून कमी लेखण्याचे कारण नाही.

१९६२ च्या मार्च महिन्यात वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस येथे भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळून कवटी फुटली, ही घटना जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच्या मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि रक्त देण्यास जे पुढे आले त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल अग्रभागी होता. आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी, तसेच पॉली उमरीगर, हेही त्यांत होते. त्या प्रसंगाची आठवण आपण खिलाडूपणाची कथा म्हणून जतन केली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शस्त्रक्रियेत वाहून जाणारे रक्त भरून काढणे हा मेंदूच्या उपचाराचाच गाभा होता, त्याचा जोडधंदा नव्हे. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळला नाही, पण तो जगला आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये परतला.

आतापर्यंत हृदयाकडे आपण पुरवठादार म्हणून पाहिले. ते स्वतःही जखमी होते, हा या विषयाचा दुसरा आणि कमी परिचित भाग आहे. मस्तकावर तीव्र आघात होताच अनुकंपी मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिन यांचा असा लोट रक्तात सोडतात की, संकटप्रसंगी लढण्यास किंवा पळण्यास उपयोगी पडणारी ही द्रव्ये हृदयाला विषासारखी बाधू लागतात. स्नायुपेशींत कॅल्शियमचा अतिरिक्त शिरकाव होतो, त्या आकसतात त्या पुन्हा सैल होत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे उमटलेले दिसतात. हृदयरोहिणीत गाठ अडकून होणाऱ्या नाशाहून हा नाश निराळा. कारण येथे रोहिण्या बहुधा पूर्ण मोकळ्या असतात. १९५४ साली अमेरिकेत जॉर्ज बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील रक्तस्रावाच्या रोग्यांच्या हृद्‌विद्युत् आलेखात विशाल, उलट्या तरंगांचे जे विलक्षण चित्र वर्णिले, ते पाहून पुढे कित्येक वैद्यांना हृदयविकाराच्या झटक्याचाच भ्रम होत असे. असा भ्रम झाला आणि रक्त पातळ करणारे औषध दिले गेले, तर कवटीत रक्तस्राव चालू असलेल्या माणसाचे काय होईल हे सांगावयास नको. म्हणून अपघाताची हकीकत आणि आलेख हे दोन्ही कागद एकत्र वाचण्याची शिस्त जीवनमरणाची आहे.

सुदैवाने हृदयाची ही दुर्बलता पुष्कळदा तात्पुरती असते. प्रतिध्वनी-चित्रणात डावे निलय सुस्त पडलेले दिसते, रक्तदाब राखण्यासाठी औषधांचा आधार द्यावा लागतो, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तेच हृदय पूर्ववत् चालू लागते. जपानी हृदयतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास तीव्र शोक किंवा भय यांनंतर हृदय फुगल्याचे जे वर्णन केले, आणि अष्टपाद पकडण्याच्या मडक्यावरून ज्याला 'ताकोत्सुबो' असे नाव दिले, त्या विकाराचे या अवस्थेशी निकटचे नाते आहे. दुःखाने हृदय विदीर्ण होणे आणि मस्तकाघाताने हृदय गलितगात्र होणे या दोहोंत ॲड्रिनॅलिनचा हात एकच, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

फुप्फुसेही यातून सुटत नाहीत. सर्व शरीरातील रोहिण्या एकदम आकसल्या की रक्ताचा मोठा साठा छातीत लोटला जातो, केशवाहिन्यांच्या भिंती त्या दाबाने झिरपू लागतात, आणि काही मिनिटांपासून काही तासांच्या अवधीत श्वासकोशांत पाणी भरते. व्हिएतनामच्या युद्धात केवळ डोक्याला गोळी लागून थोड्याच वेळात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या शवविच्छेदनात, छातीला ओरखडाही नसताना, फुप्फुसे जड व रक्ताने गच्च भरलेली आढळली. ही निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्ताच्या गोठण्यावरही परिणाम होतो, कारण चिरडलेल्या मेंदूतून बाहेर पडणारी द्रव्ये गोठण्याची यंत्रणा प्रथम भडकवितात आणि मग तिचा साठा संपवून टाकतात. म्हणूनच गाठ विरघळण्यास अटकाव करणारे ट्रानेक्झामिक आम्ल हे स्वस्त औषध दुखापतीनंतर ३ तासांच्या आत दिले असता सौम्य व मध्यम दुखापतींत मृत्यू कमी होतात, असे १२,७३७ रोग्यांच्या, अनेक देशांत पसरलेल्या आणि २०१९ साली पूर्ण झालेल्या चाचणीत दिसून आले.

सर्व उपाय थकून मेंदूचा देठ मृत झाला, तरी हृदय काही काळ धडधडत राहू शकते, कारण स्पंदनाचा उगम त्याच्या स्वतःच्या ऊतकात आहे. श्वास यंत्राने चालविला तर ते तास, कधी दिवसही चालते. याच सत्यावर हृदयारोपणाची सारी इमारत उभी आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले, त्यातले हृदय मोटार-अपघातात मस्तकाला दुखापत झालेल्या तरुणीचे होते. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. रोगी काही तासांहून अधिक जगला नाही, तरी त्या काळच्या तुटपुंज्या साधनांनिशी केलेल्या या साहसाबद्दल मुंबईला सदैव अभिमान वाटावा. मेंदूच्या देठाच्या मृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता देणारा कायदा भारतात व्हावयास मात्र १९९४ साल उजाडावे लागले, आणि तो कायदा ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांवरून संसदेने संमत केला ती राज्ये गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही होत. चार वैद्यांच्या मंडळाने ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू प्रमाणित करावा, अशी त्याची तरतूद आहे. मेंदूच्या अंतकाळी उसळणारा ॲड्रिनॅलिनचा लोट दान केलेल्या हृदयाला किती इजा करतो, याचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकात केप टाउनमध्येच दिमित्री नोव्हित्स्की आणि सहकाऱ्यांनी बॅबून वानरांवर केला. हृदयाकडे जाणारे अनुकंपी तंतू आधीच तोडलेले असले तर हृदय सुरक्षित राहते आणि व्हेगस तोडल्याने ते वाचत नाही, असे त्यांना आढळले. कुशिंगने बर्नमध्ये ज्या दोन मार्गांची फारकत केली, त्यांतला अपराधी मार्ग कोणता हे येथे निश्चित झाले. प्रथम तपासणीत सुस्त दिसलेले हृदय लगेच नाकारू नये, काही काळ योग्य औषधोपचार करून ते पुन्हा तपासावे, ही आजची पद्धत त्यातूनच आली.

जे वाचतात त्यांच्याकडेही पाहिले पाहिजे. तीव्र दुखापतीतून हळूहळू शुद्धीवर येणाऱ्या काही रोग्यांना दिवसातून अनेकदा नाडी धावणे, रक्तदाब चढणे, दरदरून घाम सुटणे आणि हातपाय ताठरणे असे झटके येतात. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२९ साली या प्रकाराचे वर्णन केले तेव्हा त्यांना तो अपस्माराचाच एक भेद वाटला, परंतु आज तो वरच्या मेंदूच्या अंमलातून सुटलेल्या अनुकंपी संस्थेचा स्वैर कारभार समजला जातो. आणि केवळ क्षणभर भोवळ आली, उलटी झाली, डोके दुखले, एवढ्यावर निभावलेल्या सौम्य आघातातही स्वयंचलित मज्जासंस्थेची घडी काही काळ विस्कटलेली असते: उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताच डोके ठणकू लागते. अशा रोग्याला अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याचा प्रघात होता. न्यू यॉर्क राज्यातील बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी नाडीकडे लक्ष ठेवून, त्रास वाढणार नाही इतपतच चालण्याचा व्यायाम सुरुवातीपासून देऊन पाहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा व्यायाम करणारी किशोरवयीन मुले मध्यमानाने १३ दिवसांत, आणि नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणारी १७ दिवसांत बरी झाली.

दीर्घकालीन परिणामांची चौकशी आता कोठे जोमाने सुरू झाली आहे. बोस्टनमधील रुग्णालयांच्या दप्तरांतून, पूर्वी हृदयविकार किंवा रक्तदाबाचा विकार नसलेल्या जखमींचा पुढे १० वर्षांपर्यंत मागोवा घेऊन २०२२ साली जे निष्कर्ष निघाले, त्यांत सौम्य दुखापत झालेल्यांतसुद्धा, आणि चाळिशीच्या आतील तरुणांतसुद्धा, उच्च रक्तदाबाचे प्रमाण दुखापत न झालेल्यांहून अधिक आढळले. याचे कारण अनुकंपी संस्थेचा कायमचा चढता स्वर, बिघडलेली झोप, की हालचाल कमी झाल्याने वाढलेले वजन, यावर तज्ज्ञांत खल चालू आहे, आणि बहुधा तिन्ही गोष्टी एकत्र नांदत असाव्यात. परंतु आपल्याकडे डोक्याला मार लागून रुग्णालयातून घरी जाणाऱ्या माणसाच्या कागदावर टाके काढण्याची तारीख असते, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या असतात, मेंदूच्या चित्रणाची फेरतपासणी असते. त्याच कागदावर दर सहा महिन्यांनी रक्तदाब पाहण्याची एक ओळ लिहावयास काही खर्च येत नाही, आणि ती लिहिली जावी असा माझा आग्रह आहे.